गोळ्या ‘उष्ण’ पडतात म्हणजे पोटात नेमकं काय होतं?

"बाय, गुळयो गरम पडल्यो."

गोव्यात डिचोलीतल्या माझ्या फार्मसीच्या काउंटरवर हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. कधी कोकणीतून, कधी मराठीतून. बोलणारा माणूस दोन-तीन दिवसांपासून अँटिबायोटिक घेत असतो. आता पोटात मुरडा येतो, दिवसातून चार-पाच वेळा जावं लागतं. एखाद्याचं उलटं असतं, तीन दिवस पोट साफच झालेलं नसतं. त्याला माझ्याकडून दोनपैकी एक गोष्ट हवी असते: जुलाब थांबवणारी गोळी, नाहीतर अँटिबायोटिक बंद करायला परवानगी.

लोकांना जे जाणवतं ते खरंच असतं, त्यामुळे ‘उष्ण’ या शब्दावर माझा राग नाही. पण या एका शब्दाखाली निदान चार निरनिराळ्या गोष्टी झाकल्या जातात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे. एकीत फारसं काही करावंच लागत नाही. एकीत मात्र घरात पडलेली जुलाबाची गोळी जिवावर बेतू शकते. ती चूक माझ्या स्वतःच्या घरात झाली आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पोट चालतं कसं ते बघू. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतंत्र जाळं असतं, त्यात १० कोटींहून जास्त मज्जापेशी असतात. घासाच्या मागे आतडं आवळायचं, पुढे सैल सोडायचं, हे काम त्या मेंदूला न विचारता करतात. जेवल्यानंतरची हालचाल घुसळण्याची असते. पोट रिकामं असतं तेव्हा दुसरंच काही चाललेलं असतं. साधारण दर ९० ते १२० मिनिटांनी एक जोरकस लाट जठराकडून निघते आणि लहान आतड्याच्या शेवटापर्यंत सरकत जाते. न पचलेले कण, झडलेल्या पेशी, वाट चुकून वर आलेले जीवाणू, हे सगळं ती मोठ्या आतड्याकडे ढकलते. भुकेच्या वेळी पोट गुरगुरतं त्यात या लाटेचा मोठा हात असतो. लाट सुरू करण्याचा निरोप देतं ‘मोटिलिन’ नावाचं संप्रेरक. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपण दिवसाला दोनेक लिटर पाणी पितो, पण लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस धरला तर रोज सुमारे ९ लिटर द्रव आतड्यातून वाहतो. त्यातला बहुतेक लहान आतडं परत शोषून घेतं. मोठ्या आतड्यापर्यंत एक-दीड लिटर पोचतं आणि शौचातून बाहेर पडतं जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. आपल्याकडच्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या शेतीत, बांधाला मानस असते, पाणी आत-बाहेर सोडणारी दारं. भरती-ओहोटीच्या हिशोबाने ती चालली नाहीत तर एका रात्रीत शेतात पाणी उभं राहतं. मोठं आतडं हे तसं पाण्याच्या हिशोबाचं ठिकाण आहे. तिथला हिशोब अर्ध्या लिटरने जरी चुकला तरी माणूस म्हणतो, जुलाब लागले.

हा हिशोब एकटं आतडं ठेवत नाही. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू आहेत आणि त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचलेला कोंडा, डाळीतली साखर, भातातला चिवट स्टार्च ते आंबवतात आणि त्यातून लहान साखळीची आम्लं तयार करतात. त्यातलं एक ब्युटिरेट. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपल्या गरजेची सुमारे ७० टक्के ऊर्जा या ब्युटिरेटवर भागवतात आणि ही आम्लं आत घेताना मीठ आणि पाणीही आत ओढतात. म्हणजे पेजेतल्या उकड्या तांदळाचा जो भाग आपल्याला पचला नाही, तोच जीवाणूंच्या हातून आपलं पाणी वाचवतो. मला हे दर वेळी नव्याने थक्क करतं.

हेच जीवाणू पित्ताचंही रूप बदलतात. शिवाय आतड्याला हलवणारं सेरोटोनिन किती तयार व्हावं यावरही त्यांची सत्ता चालते. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नव्हे, आतड्यात असतं. २०१५ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की आतड्यातले काही विशिष्ट जीवाणू नसले तर हे सेरोटोनिन घटतं आणि आतड्याची चाल मंदावते. ते जीवाणू परत दिले की चाल सुधारते.

आता अँटिबायोटिककडे येऊ. ते जीवाणू मारतं, म्हणून पोट बिघडतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण काही अँटिबायोटिक्स जीवाणूंना हात लागायच्या आतच थेट आतड्याला ढकलतात, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. तिची कथा एरिथ्रोमायसिनपासून सुरू होते.

१९४९ साली फिलिपिन्समधल्या इलोइलो भागातून आबेलार्दो अगिलार या डॉक्टरने मातीचे नमुने अमेरिकेतल्या एली लिली कंपनीकडे पाठवले. त्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून एरिथ्रोमायसिन मिळालं आणि १९५२ मध्ये ते बाजारात आलं. औषध गुणी होतं, पण घेणाऱ्यांच्या पोटात मुरडा यायचा, मळमळायचं. कारण कळत नव्हतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात व्हँकुव्हरला मोटिलिनचा शोध लागला होता. मग १९८४ मध्ये जपानी संशोधकांनी कुत्र्यांवर दाखवून दिलं, की एरिथ्रोमायसिनची थोडी मात्रा दिली तर उपाशीपोटीची ती लाट जशीच्या तशी उठते. मोटिलिन आतड्याच्या पेशींवरच्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं, त्याच ग्राहीला हे औषधही चिकटतं. आतड्याला वाटतं, निरोप आला. प्रयोग कुत्र्यांवर झाला हेही बरंच झालं. घरातल्या आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांत मोटिलिनची ही व्यवस्थाच शिल्लक नाही, त्यांच्यावर हा परिणाम दिसलाच नसता.

डॉक्टरांनी या दुष्परिणामाचंच औषध केलं. जुन्या मधुमेहात कधी कधी जठराच्या नसा दुबळ्या होतात आणि अन्न तासन्‌तास जठरात पडून राहतं. अशा रुग्णांना जेवणाआधी एरिथ्रोमायसिन थोड्या मात्रेत देतात. अतिदक्षता विभागात नळीने दिलेलं अन्न पुढे सरकत नसेल तेव्हा देतात. जठरात रक्तस्राव झाला असेल तर दुर्बीण घालण्यापूर्वी जठर रिकामं व्हावं म्हणूनही देतात. पण थोड्याच दिवसांत आतड्याला या निरोपाची सवय होते आणि परिणाम ओसरतो. त्यातच हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होण्याचा धोका असतो, म्हणून पोट जड वाटतंय तर घेऊन बघू, असं हे औषध नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना, विशेषतः पहिल्या दोन आठवड्यांत, ते दिलं तर जठराचा खालचा दरवाजा जाड होऊन बंद होण्याचा धोका वाढतो. कुठलंही अँटिबायोटिक तान्ह्या बाळाला स्वतःच्या मनाने देऊ नये, याचं माझ्या दृष्टीने हे सगळ्यात ठसठशीत कारण आहे.

ॲझिथ्रोमायसिन हे एरिथ्रोमायसिनच्याच घराण्यातलं. खोकला-सर्दीच्या दिवसांत घरोघरी निघणारी ती ५०० ची गोळी. तिचा मोटिलिनसारखा धक्का सौम्य असतो, पण असतो. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) बाजाराच्या गडबडीत गेल्या वर्षी एक गृहस्थ आले होते. खोकला होता म्हणून भावाच्या उरलेल्या पट्टीतल्या दोन गोळ्या त्यांनी घेतल्या होत्या आणि दोन्ही दिवशी गोळीनंतर काही तासांतच पोटात मुरडा येऊन जावं लागलं होतं. ताप नाही, रक्त नाही, अधल्यामधल्या वेळात पोट ठीक. हे ‘उष्ण’ पहिल्या प्रकारचं, आतड्याला मिळालेला थेट धक्का. जेवणानंतर गोळी घेतली तर बहुधा कमी जाणवतं आणि औषधाचा अंमल सरला की आपोआप थांबतं. मात्र त्यांना झालेली सर्दी विषाणूची होती. विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही. म्हणजे मुरडा पदरात पडला तो फुकट.

असाच आणखी एक थेट धक्का अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक आम्लाच्या जोडगोळीचा. ‘६२५’ म्हणून जी मागतात ती, म्हणजे ५०० अधिक १२५. यातला क्लॅव्युलॅनिक आम्लाचा भाग लहान आतड्याची हालचाल वाढवतो, म्हणून नुसत्या अमॉक्सिसिलिनपेक्षा या जोडगोळीने जुलाब जास्त होतात. ती जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या घासांबरोबर घ्यावी. पोट कमी बिघडतं आणि औषधही नीट शोषलं जातं. इतकी साधी गोष्ट, पण पट्टी हातात देताना कुणी सांगितली नाही तर माणूस उपाशीपोटी घेतो आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतो.

आता दुसरा प्रकार, जीवाणू मरण्याचा. हा सहसा तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिसतो. आंबवणारे जीवाणू कमी झाले की न पचलेली पिष्टं आणि साखर मोठ्या आतड्यात तशीच पडून राहतात आणि पाणी धरून ठेवतात. ब्युटिरेट घटलं की अस्तराची पाणी ओढायची ताकद घटते. पित्ताचं रूप बदलणारे जीवाणू गेले की तेही गणित बिघडतं. शौच पातळ होतं, पोट फुगतं, पण माणूस एरवी बरा असतो. औषधानुसार शंभरातल्या पाच ते पस्तीस लोकांना असे जुलाब होतात. बहुतेकांचे औषध संपल्यावर काही दिवसांत थांबतात.

तिसरा प्रकार उलटा. मग बद्धकोष्ठ का होतं? प्रयोगशाळेत अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांच्या आतड्याची चाल मंदावलेली दिसते. अजिबात जीवाणू नसलेल्या उंदरांत तर ती फारच मंद असते. सेरोटोनिनचा तुटवडा हे त्यातलं एक कारण. माणसाच्या बाबतीत मात्र मी आधी बाकीच्या गोष्टी विचारते. ताप आला म्हणून जेवण कमी झालंय का, माणूस अंथरुणावर पडून आहे का, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा लोहाच्या गोळ्या चालू आहेत का. बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.

आणि चौथा प्रकार, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

माझ्या आईच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, सेफॅलोस्पोरिनची इंजेक्शनं झाली, ती घरी आली. अँटिबायोटिक संपून तीन आठवडे होत आले आणि एक दिवस तिला जुलाब सुरू झाले. दिवसाला आठ-दहा, पाण्यासारखे, पोटात कळा, अंगात कसर. औषध संपून इतके दिवस झाले होते, की मला त्या इंजेक्शनांची आठवणही आली नाही. खाण्यातून काहीतरी बाधलं असं धरून मी माझ्याच दुकानातली लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी तिला दोन दिवस दिली. जुलाब कमी झाले आणि पोट नगाऱ्यासारखं फुगलं. डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितली आणि क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसील हे नाव कागदावर आलं.

हा जीवाणू १९३५ साली पहिल्यांदा नवजात बाळांच्या शौचात सापडला. प्रयोगशाळेत वाढवायला कठीण, म्हणून नाव ‘डिफिसील’. अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या मोठ्या आतड्याच्या गंभीर दाहामागे हाच आहे, हे कळायला १९७८ साल उजाडलं. त्याचे बीजाणू, म्हणजे कवचातलं झोपी गेलेलं रूप, अगदी चिवट, ते कुठेही असू शकतात, रुग्णालयात जास्त. निरोगी आतड्यातले जीवाणू पित्तापासून जी दुय्यम पित्ताम्लं बनवतात ती याची वाढ रोखून धरतात. अँटिबायोटिकने ते जीवाणू गेले की पित्त मूळ रूपातच राहतं आणि त्याच्या सान्निध्यात बीजाणू अंकुरतात. मग हा जीवाणू विष सोडतो आणि आतड्याचं अस्तर सोलवटतो. म्हातारपण, रुग्णालयातला मुक्काम, आणि आम्ल कमी करणारी ‘गॅसची गोळी’ रोज चालू असणं, यांनी धोका वाढतो. आईच्या बाबतीत तिन्ही होतं. क्लिंडामायसिन, सेफॅलोस्पोरिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली औषधं यासाठी जास्त बदनाम आहेत.

अशा वेळी आतड्याची हालचाल थांबवणारी गोळी दिली, तर विष आतच कोंडलं जातं. आतडं लुळं पडून फुगत जाऊ शकतं, फुटूही शकतं. आई वाचली. तिला दहा दिवस व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक तोंडाने दिलं. ते आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही, म्हणून जिथे हवं तिथेच राहतं. हेच औषध शिरेतून दिलं तर या आजारावर उपयोगी पडत नाही. पहिल्या उपचारानंतर साधारण पाचातल्या एकाला हा आजार पुन्हा उलटतो. पुन्हा पुन्हा उलटणाऱ्यांसाठी निरोगी माणसाच्या शौचातले जीवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपचार आता मान्य झाला आहे. २०१३ साली नेदरलँड्समधल्या चाचणीत एका वेळच्या अशा उपचाराने १६ पैकी १३ रुग्ण बरे झाले होते, नुसत्या व्हँकोमायसिनने १३ पैकी ४. घरात असा रुग्ण असेल तर हात साबण-पाण्यानेच धुवा, सॅनिटायझरने हे बीजाणू मरत नाहीत.

म्हणून काउंटरवर मी आता पहिला प्रश्न हा विचारते: गेल्या दोन-तीन महिन्यांत अँटिबायोटिक झालं होतं का? आणि शौचात रक्त किंवा आव, ताप, सतत कळा, फुगलेलं पोट, दिवसाला सहा-सातपेक्षा जास्त पातळ शौच, लघवी कमी होणं, यातलं काहीही असेल तर जुलाब बांधणारी गोळी मी देत नाही. डॉक्टरांकडे पाठवते. वय साठीच्या वर असेल तर याहून कमी त्रासातही पाठवते.

यातलं काही नसेल, तर काम सोपं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस घ्यावं, पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, सहसा एक लिटर, आणि २४ तासांत संपवावं. जुलाबातही साखर आणि मीठ एकत्र आत घेणारी आतड्याची वाट चालू राहते, त्यांच्यामागून पाणी शिरतं. मिठाची पेज हे आपल्या आज्यांनी त्याच वाटेने दिलेलं पाणी. अँटिबायोटिक मात्र स्वतःहून थांबवू नये. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा, ते बदलून देऊ शकतात किंवा गरज नसेल तर थांबवू शकतात. सोबत हमखास लिहिली जाणारी बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल जुलाब थांबवत नाही. गॅसची गोळीही प्रत्येकाला लागत नाही, आणि ती कशी नडू शकते ते वर आलंच आहे.

दही-ताकाबद्दल फार गोंधळ आहे. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन दुधातल्या कॅल्शियमला चिकटून बसतात आणि शोषली कमी जातात, म्हणून दूध-दही त्यांच्यापासून दोनेक तास लांब ठेवायचं. अमॉक्सिसिलिनला ती अडचण नाही. पावसात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका म्हणून डॉक्सिसायक्लिन मिळालेल्यांना आणखी एक सांगते: पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण होतो. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असताना आणि नंतरचे तीन दिवस फेणी, हुर्राक, कुठलीही दारू बंद.

आणि उलटा प्रश्नही येतो: जुलाब झालेत, अँटिबायोटिक द्या. आपल्याकडे पोटाच्या बिघाडाला मोडशी म्हणतात. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली इथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात पटकीचं (कॉलऱ्याचं) वर्णन याच शब्दाच्या पोर्तुगीज रूपाने केलं आहे. त्या पटकीतसुद्धा जीव वाचवतं ते मीठ-साखरेचं पाणी, अँटिबायोटिक त्याच्या मागून येतं. लहान मुलांचे बहुतेक जुलाब तर विषाणूंचे असतात. त्यांना ओआरएस आणि डॉक्टरांनी सांगितलेलं जस्त (झिंक) पुरतं.

प्रोबायोटिकची, म्हणजे जिवंत उपयोगी जीवाणूंची, कॅप्सूल घ्यावी का? मुलांमध्ये अँटिबायोटिकबरोबर दिली तर जुलाबाचं प्रमाण कमी होतं, असं चाचण्या सांगतात. पण २०१८ साली इस्रायलमध्ये झालेल्या एका अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे मूळ जीवाणू परतायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशीर लागला. धट्ट्याकट्ट्या मोठ्या माणसाला मी ती आपणहून सुचवत नाही. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

जीवाणू परत यायला वेळ लागतो. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात १२ निरोगी पुरुषांना तीन जालीम अँटिबायोटिक्स चार दिवस दिली. दीड महिन्यात त्यांच्या आतड्यातली वस्ती बरीचशी पूर्ववत झाली, तरी आधी सर्वांमध्ये असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही सापडल्या नाहीत. परतणाऱ्यांना खायला लागतं ते आपल्या ताटातलंच: उकड्या तांदळाचा गार झालेला भात, अळसांदे (चवळी), मूग, कंद, निरनिराळ्या भाज्या. फक्त जुलाब चालू असताना हे भरपूर खाल्लं तर पोट आणखी फुगतं. शौच बांधून येऊ लागलं की थोडं थोडं वाढवायचं.

आई पहिले दोन आठवडे पेज, मऊ भात आणि पातळ मुगाच्या वरणावर होती. तिसऱ्या आठवड्यात दुधी आला, मग केळं. चवथीला घरात खतखतं, म्हणजे भाज्या-कंदांची मिसळ भाजी, शिजलं तेव्हा तिने वाटी पुढे केली. मी दोन चमचे वाढले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला विचारलं, पोट कसं आहे? म्हणाली, "बरं आहे. आज चार चमचे वाढ."